नऊशे बारा ग्रॅम

आश्लेषा परीक्षेला बेळगावला गेली,
जाताना म्हणाली, बाबा, तुमच्या काट्यावर वजन करा,
स्वयंपाकघरातला खोटं बोलतो.

म्हणून डिचोलीच्या बाजारात, शटर अर्धं ओढून,
ज्या तबकात काल कुणाच्या लग्नाच्या पाटल्या होत्या
त्यात आज टॉवेल, टॉवेलात गिनीपिग, माणकू.
ऑपरेशनच्या आधी नऊशे बारा.
आता आठशे चौऱ्याहत्तर.
सोन्यात एवढी घट आली असती
तर रात्रभर जमिनीवरची धूळ चाळली असती.

म्हापशाच्या डॉक्टर इझिल्दाबाईंनी
कागदावर लिहून दिलं, मग तोंडानंही सांगितलं.
डोळा पुरता उघडतो का. कान मागे पडलेत का.
पाठीला पोक, अंगावरचे केस उभे?
आणि लेंड्या मोजा, रोज.
दुखता म्हूण सांगचो ना तो, शेट.
दुसऱ्याच्या तोंडी जाणारा जीव.
ओरडला की घार ऐकते.

तीस वर्षं कसोटीवर सोनं घासतोय.
रेघ बघून सांगतो, बावीस की अठरा.
दुखण्याचा कस लावायला
कुठल्या नदीतला दगड आणू?

रात्री दोनला पिंजऱ्याशी कान लावला.
दात वाजत होते,
बारीक तारेवर बारीक कानस फिरावी तसे.
हा आवाज मला जन्मभर गोड वाटत आला,
धंदा चालल्याचा आवाज.
दिवा लावला. डोळा अर्धाच.
मधाच्या रंगाचं औषध, बिनसुईची सिरिंज,
ओठाच्या कडेनं थेंब थेंब.
मग चाऱ्याची पेज. दोन घास पोटात,
तिसरा माझ्या बनियनवर.

मागच्या साली मडगावच्या इस्पितळात
हर्नियाच्या टाक्यांवर हात धरून पडलो होतो.
नर्सनं विचारलं, एक ते दहा, किती?
दाराशी बायको उभी होती.
मी म्हटलं, तीन.

सकाळी लेंड्या मोजल्या. अकरा.
बारक्या, सुक्या, एका टोकाला निमुळत्या.
मंगळसूत्राचे काळे मणी मोजतो तो चिमटा
सवयीनं हातात आलाच होता.
बायकोनं बघितलं आणि काही न बोलता देवघरात गेली.

पोदेर भोंगा वाजवत गेला.
एरवी त्या भोंग्याला माणकूची शिट्टी ठरलेली,
पावाशी त्याचं काही देणंघेणं नाही,
पण पावानंतर फ्रिज उघडतो हे त्याला ठाऊक.
आज जाळीपलीकडून एकटी बायो ओरडली.
तिच्यासाठीच तर हे सगळं,
आणि तरी अजून सहा आठवडे जाळी राहायचीच,
आधीचं बीज संपेपर्यंत, बाई म्हणाल्या.
तिला कोण सांगणार.

दुसरा दिवस आठशे एकसष्ट.
आठशे वीसच्या खाली गेला तर फोन करा, रात्र असली तरी.
फोन उशाशी, उशी पिंजऱ्याशी.

तिसऱ्या दिवशी टाके बघितले.
दोनच, माझ्या डाखाहून साफ. सूज नाही.
त्यानं गवताची एक काडी ओढली,
अर्धी खाल्ली, अर्धी टाकली.
टाकलेली मी वहीत ठेवली,
आठशे एकोणसत्तरच्या आकड्यासमोर.
लेंड्या चाळीसपर्यंत मोजल्या, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं,
नथीचा मोती सुटला होता.
काट्यावरचा तांबूस केस फुंकून
मी नथ ठेवली, आणि आकड्याऐवजी
तिच्या खांद्यांकडेच बघत राहिलो.
वर चढलेले, कानांना टेकतील असे.
बरं आहे ना, वहिनी?
बरं आहे. किती होतील?

संध्याकाळी आश्लेषाचा फोन. कसा आहे?
खातोय, म्हटलं. मघाशी फ्रिज उघडला तर
शिट्टी मारली. अर्धीच, घोगरी, पण मारली.
आणि तुम्ही, बाबा?
मी बरा, म्हणणार होतो.
कंबर, म्हटलं. तीन रात्री लादीवर झोपून.
पाच म्हण.